तिसरी नाळ

आमच्या लॅबमध्ये डिस्टिल्ड वॉटरचा एक जुना प्लांट होता. नळाचं पाणी सोडलं की थोड्याच दिवसांत त्याच्या कॉइलवर पांढरा थर धरायचा. कुणी मुद्दाम धरवत नसे. पाणी वाफ होऊन निघून जायचं, थर तेवढा मागे राहायचा. किस्स्यांचं तसंच आहे. माणसं बदलून गेली, निवृत्त झाली, लॅबचं कुलूपसुद्धा बदललं, पण थर आहे तिथेच आहे. अधूनमधून खरवडून काढलेला बरा, नाहीतर कॉइल जळते!

मी तिथे स्टोअरकीपर. काचेची भांडी, रसायनं, चाव्या माझ्याकडे. रोज संध्याकाळी घरी गेल्यावर चार ओळी लिहायची सवय होती, म्हणून बोललेलं बरंचसं जसंच्या तसं लक्षात राहिलं.

* * *

आमचे प्रमुख चौगुले सर. शिरोळकडचं जैन शेतकरी घराणं. जेवण सूर्य मावळायच्या आत आणि झुरळ दिसलं तर कागदावर घेऊन खिडकीतून बाहेर. विषय मात्र रक्तवाहिन्यांचा, आणि त्या विषयात उंदराशिवाय पान हलत नाही.

एकदा कुठल्याशा बंद पडलेल्या प्रोजेक्टचा पांढऱ्या उंदरांचा पिंजरा आमच्याकडे आला. सर रोज सकाळी पिंजऱ्यासमोर उभे राहायचे.

"आज नको. वजनं कमी वाटतायत."

पुढच्या आठवड्यात, "आज नको. वजनं जास्त वाटतायत."

वजनं जास्त वाटणारच! आमचा शिपाई नामदेव त्यांना डब्यातली भाकरी चारत होता. असं करता करता उंदीर म्हातारे झाले. मिशा लोंबल्या, चाल मंदावली. एक दिवस नामदेव माझ्या टेबलाशी आला.

"शिंदेसायेब, ह्यांच्या पेन्शनचं कागद तयार करायचं का?"

त्यानंतर सरांनी उंदीर सोडले आणि नाळ धरली. म्हणाले, "बाळ जन्मलं की नाळ टाकूनच देतात. तिच्यात एक चांगली जाड शीर असते. तिच्या आतलं अस्तर धुऊन घ्यायचं आणि बाटलीत वाढवायचं. कुणाचा जीव जात नाही. उलट एक नुकताच आलेला असतो!"

* * *

हे अस्तर म्हणजे काय, ते सरांनी नामदेवाला एकदा समजावलं होतं. मलाही तेव्हाच कळलं.

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एक पातळ थर असतो. फरशी बसवल्यासारखा. प्रत्येक पेशी आपल्या पदराला पुड्या बांधून बसलेली. कुठे इजा झाली की पुडीची गाठ सुटते. तिच्यातून रक्त गोठवायचा चिकट पदार्थ बाहेर येतो, शिवाय बारीक आकडे भिंतीवर उभे राहतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या आकड्यांना अडकतात, गर्दी होते आणि वाहिनी सुजते. जखमेपुरतं हे चांगलंच. पण जखम नसताना पुड्या सुटायला लागल्या, तर वाहिनी आतून खराब होत जाते.

आणि तसं होऊ नये म्हणून पेशी स्वतःच एक वायू तयार करते. नायट्रिक ऑक्साइड. क्षणभर टिकतो, पण तेवढ्यात पुडीची गाठ धरून ठेवतो.

नामदेव ऐकत होता. म्हणाला, "म्हंजे आमच्या तालमीतला वस्ताद की! पोरं भांडायला निघाली की नुसता दारात हुबा ऱ्हातोय. बोलत न्हाय, मारत न्हाय. पोरं माघारी!"

सरांनी पुढे एम.एस्सी.च्या वर्गाला हेच उदाहरण दिलं. नामदेवाचं नाव घेऊन.

* * *

दोन हजार साल उलटून गेल्यावर संगीता कांबळे पीएच.डी.ला आली. शिरोळ तालुक्यातलीच. वडील शाळामास्तर, घरात पहिलीच एवढी शिकलेली. तिचा प्रश्न साधा होता. रक्तात साखर फार झाली, म्हणजे डायबेटिससारखी, तर हा वस्ताद दारात टिकतो का? आणि नाही टिकला, तर बाहेरून वायू देऊन पुड्या पुन्हा आवरता येतात का?

"साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून साखरेच्याच वाईटावर!" असं तिला जो तो म्हणायचा.

अट एकच होती. तीन वेगवेगळ्या बाळांच्या तीन नाळा, आणि तिन्हींत उत्तर सारखं. एकीत आलं तर योगायोग, दोहोंत आलं तर नशीब, तिन्हींत आलं तर विज्ञान, असं सर म्हणायचे. त्यात सरांची निवृत्ती समोर दिसत होती. त्याआधी प्रबंध गेला नाही, तर या विषयाला दुसरा गाइड जवळपास नव्हता. म्हणजे नवा विषय, नवा गाइड आणि सगळं पहिल्यापासून. घरून तर आताच विचारत होते, "अजून किती शिकणार?"

म्हणून संगीता बसायची नाही. फोनजवळून खिडकीपर्यंत, खिडकीपासून फोनपर्यंत. कुठल्या दवाखान्यात कोण बाळंत होतंय, कधी होतंय, नाळ मिळतेय की नाही! फोन वाजला की धावणार, नाही वाजला तर उचलून बघणार की चालू आहे ना.

आमच्या बरोबर खाली फिजिक्सची लॅब. तिथल्या देसाई सरांकडे फार नाजूक तराजू होता. एक दिवस त्यांचा मला फोन.

"शिंदे, आज आमची वजनं अगदी पहिल्या झटक्यात बरोबर येतायत. कांबळे मॅडम रजेवर आहेत काय?"

रजेवर होती!

* * *

पहिली नाळ चंदगडहून आली. तिथल्या एका डॉक्टरीणबाई सरांच्या जुन्या विद्यार्थिनी. त्यांनी नाळ बर्फाच्या डब्यात घालून, संमतीचा कागद लावून एसटीत दिली. संगीता आणि मी स्टँडवर आधीपासून उभे. ती उभी कसली, फलाटावर येरझाऱ्या!

गाडी आली. कंडक्टर डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून उतरला. पाठोपाठ निम्मी गाडी उतरली आणि आमच्याभोवती उभी राहिली.

"तुमीच का त्या म्याडम?" कंडक्टर म्हणाला. "डबा खाली ठिवू दिला न्हाय कुणाला. गडहिंग्लजपासनं ही मावशी मांडीवर घिऊन बसलीया."

मावशी पुढे झाली. "व्हय बाय, पर एवढं सांग. पोरगं का पोरगी?"

संगीताला ते माहीतच नव्हतं. कागदावर तशी नोंद नव्हती, कामाला ती लागतही नव्हती. आणि डब्यातला बर्फ वितळत होता.

"पेशी!" ती म्हणाली आणि डबा घेऊन रिक्षाकडे पळाली.

मागे मावशी कंडक्टरला विचारत होती, "काय झालं म्हणाली रं?"

कंडक्टर म्हणाला, "सुखरूप हाय म्हणाली."

त्या नाळेत उत्तर आलं. साखरेत पुड्या सुटल्या, वायू दिल्यावर आवरल्या. आणि "पोरगं का पोरगी" हा प्रश्न संगीताच्या पाठीशी लागला तो लागलाच. गेटवरचा वॉचमन विचारायचा, ऑफिसमधले क्लार्क विचारायचे, नामदेव तर डब्याचं झाकण उघडायच्या आधी विचारायचा. तिचं उत्तर ठरलेलं. "पेशी!"

* * *

दुसऱ्या नाळेच्या वेळी गुलाबी रंगाने सगळ्यांना वेड लावलं.

हा वायू क्षणात विरतो, पण विरताना पाण्यात एक खूण सोडून जातो. त्यात ठरावीक रसायन घातलं की पाणी गुलाबी होतं. जितका वायू, तितका रंग गडद. ज्या नळीत पेशी नाहीत, नुसतं पाणी आहे, ती बिनरंगीच राहिली पाहिजे.

त्या आठवड्यात सगळ्या नळ्या गुलाबी! पेशींच्या गुलाबी, साखरेच्या गुलाबी, नुसत्या पाण्याची तर सगळ्यांत छान गुलाबी. संगीताने रसायनं बदलली, नळ्या बदलल्या, शेवटी ॲप्रनसुद्धा बदलला. फरशीवर तिच्या चपलांचे आवाज वाढत चालले. देसाई सरांनी खालून तराजू झाकून ठेवला.

शेवटी सर नामदेवाला म्हणाले, "डिस्टिल्ड वॉटर कधी काढलंस?"

"काढतोय कशाला? प्लांटची कॉइल जळून आठ-धा दिस झालं की."

"मग कॅन भरलेला कसा?"

"गावाकडनं येताना आमच्या मळ्यातल्या हिरीचं पाणी आणतोय न्हवं का! रिकामा कॅन बघिटला की म्याडमचं काळीज लक्क हुतंय. नितळ हाय पाणी, सायेब, काचंसारखं."

नितळ होतंच. पण मळा उसाचा, वर्षानुवर्षं खताच्या गोण्या ओतलेला. खतातलं नायट्रेट झिरपून विहिरीत उतरलेलं. वायू विरताना सोडतो ती खूणही त्याच जातीची, आणि आमचं रसायन नेमकं तेच दाखवत होतं. संगीता डोकं धरून खाली बसली. तिला बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

नामदेव घाबरला. समजूत घालायला पुढे आला.

"पर म्याडम, तुमी तर म्हणत हुता, गुलाबी आलं की चांगलं. आता सगळंच आलंय की!"

कॉइल नवी घातली. दुसरी नाळही मग जमली.

* * *

आणि इथून पुढे जमेना. एका नाळेत बुरशी आली, दुसरी उशिरा पोचली. उन्हाळा सुरू झाला तसं लोडशेडिंग वाढलं. त्यात पेशींना हवेत थोडा कार्बन डायऑक्साइड लागतो. त्याचे सिलिंडर आम्हाला सोडावॉटरवाला पुरवायचा.

संगीताने त्याला फोन केला. तो म्हणाला, "गॅस न्हाय. गावागावांत जत्रा लागल्यात. सगळा गॅस सोड्यात."

"अहो, पण माझ्या पेशी मरतील!"

"त्यास्नी म्हणावं, जत्रा झाल्यावर वाढा."

सरांनी मग जुनी युक्ती काढली. काचेच्या मोठ्या बरणीत पेशींच्या बश्या ठेवायच्या, एक मेणबत्ती पेटवून आत ठेवायची आणि झाकण घट्ट लावायचं. मेणबत्ती हवा जाळून आपली आपण विझते आणि आत पाहिजे तेवढा गॅस तयार होतो. संगीताने बरणी लावली, ऊबदार कपाटात ठेवली आणि नामदेवाला बजावलं, "लक्ष ठेव हं. ही शेवटचीच आशा आहे."

दुसऱ्या दिवशी बरणीत मेणाचं तळं आणि बश्यांत काळी बुरशी.

नामदेव दारात उभा. डोळे तांबडे. "म्याडम, लई लक्ष ठिवलं. पर मेणबत्तीच खराब. पेटवली की विझतीया, पेटवली की विझतीया! शेवटी ती काढली आणि देवळाजवळच्या दुकानातनं मोठी आणली. तीबी तसलीच निघाली!"

 संगीता खिडकीशी जाऊन उभी राहिली. खालून देसाई सरांचा फोन आला, मी उचलला. "सगळं ठीक आहे ना? पावलं वाजत नाहीत म्हणून विचारलं."

* * *

सरांच्या निवृत्तीआधी आता एकाच नाळेपुरता वेळ उरला होता. आणि फोन वाजला. शहरातलाच दवाखाना, बाळंतीण शिरोळकडची, आई-बाप दोघंही नाळ द्यायला तयार. सोडावाल्याकडे गॅसही आला होता. संगीता मला म्हणाली, "काका, तुम्हीपण चला. डबा धरायला कुणीतरी पाहिजे."

आम्ही पोचलो तर दारात बाळाची आजी उभी. गौराक्का. नऊवारी, कपाळाला आडवं कुंकू, आवाज वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"न्हाय मिळायची. आमच्यात नाळ आन् वार पुरत्यात. बाटलीत घालत न्हाईत."

सुनेने काही म्हणायचा प्रयत्न केला. "तू गप गं!"

संगीता तिच्यासमोर बाकावर बसली. पुड्यांचं सांगितलं, गाठीचं सांगितलं, वस्तादाचंही सांगितलं. साखर फार झाली की वाहिन्या आतून कशा सुजतात आणि रक्त पुढे कसं जात नाही, तेही सांगितलं.

गौराक्का मध्येच म्हणाली, "थांब. पायाला रगात जात न्हाय, ते हेच व्हय?"

"व्हय, आक्का. हे त्यातलंच एक."

"आमच्या मालकांचा पाय साखरंनंच गेला. गुडघ्यापातूर."  मग म्हणाली, "आतनं नुसतं धुऊन घेणार? कापणार न्हाय? आन् नाळ परत?"

"न्हाय कापणार, आक्का. आणि नाळ परत."

"मग मी येतो संगं. माझ्या डोळ्यांदेखत."

संगीताच्या स्कूटीवर मागे गौराक्का, तिच्या मांडीवर डबा. मी रिक्षाने मागून. गेटवर वॉचमनने सवयीने विचारलं, "पोरगं का पोरगी?"

"पेशी!" संगीता ओरडली आणि स्कूटी आत घातली.

गौराक्का लॅबच्या दाराबाहेर स्टुलावर बसली. काचेतून एकटक आत. संगीताने शिरेत पाणी सोडलं, धुतलं, औषध भरलं, थांबली, अस्तर सुटं करून काढून घेतलं. मग नाळ स्वच्छ करून पिशवीत घालून बाहेर आणली. गौराक्काने पिशवी उजेडाला धरली, वीत टेकवून नाळ मोजली.

"ही कमी हाय."

संगीताचा चेहरा उतरला. चिमट्याने दबलेली दोन्ही टोकं कापून टाकावी लागतात. सवयीने कापली होती.

"न्हाय कापणार म्हणालीस न्हवं?"

मी हातमोजे घालून टाकाऊच्या बरणीतून दोन्ही टोकं काढली, धुतली आणि आणून दिली. गौराक्काने ती नाळेशेजारी नीट लावली, पुन्हा वीत टेकवली आणि म्हणाली, "आता झाली."

पेशी वाढल्या. बाराव्या दिवशी प्रयोग लावायचा होता, आणि त्याच दिवशी सकाळी गौराक्का घुगऱ्यांचा डबा घेऊन लॅबमध्ये हजर!

"बाळाचं बारसं हाय. त्याचं निम्मं हितं हाय म्हटल्यावर हितंबी वाटायला नगोत?"

सरांनी तिला मायक्रोस्कोप दाखवला. ती एक डोळा मिटून बराच वेळ वाकून राहिली.

"ह्यातलं आमचं कंचं?"

"सगळंच," सर म्हणाले.

तिने कमरेच्या पिशवीतून काजळाची डबी काढली आणि पेशींच्या कपाटाच्या दाराला एक मोठी तीट लावली. त्या दाराला सर साधं बोटसुद्धा लावू देत नसत. नामदेव फडकं घेऊन धावला.

"राहू दे," सर म्हणाले.

संध्याकाळी उत्तर आलं. साखरेत पुड्या सुटल्या. वायू दिल्यावर आवरल्या. तिसऱ्यांदा. संगीता खुर्चीत बसली आणि तिने घुगऱ्यांचा डबा पुसून संपवला. सर निवृत्त व्हायच्या आत प्रबंध गेला.

व्हायव्हा पुढच्या वर्षी झाली. सगळ्यांना खुली. सर निवृत्तीनंतर कोट घालून आले होते, देसाई सर खालून वर आले होते, संगीताचे आई-वडील पुढच्या रांगेत. मागच्या रांगेत गौराक्का, मांडीवर टोपडं घातलेलं, गुबगुबीत, झोपलेलं बाळ.

बाहेरगावचे परीक्षक कडक. पानं उलटत थांबले.

"पहिल्या दोन नाळांची विल्हेवाट नियमाप्रमाणे लावलेली दिसते. तिसरीची काही नोंदच नाही. तुमचा सगळा निष्कर्ष या तिसरीवर उभा आहे, मॅडम. कुठे आहे ती?"

संगीता उभी. हातातला खडू मोडला.  सरांनी कोटाचं बटण काढलं, पुन्हा लावलं.

मागून आवाज आला.

"माझ्या गोठ्यामागं हाय. वर नारळ लावलाय. बघायला येतासा काय?"

परीक्षकांनी चष्मा काढला. "आपण कोण?"

"नाळ माझ्या नातवंडाची. पुरी हाय, मी वितीनं मोजून घेतलीया. ह्या पोरीनं आतलं तेवढं धुऊन घेतलं आन् शब्दाप्रमाणं माघारी दिली. ह्या मास्तरांस्नी इचारा. त्या भाऊंस्नी इचारा, त्यांनीच टोकं काढून दिली."

सर उठून उभे राहिले. मीही उठलो. माझ्यामागे नामदेवसुद्धा उठला.

परीक्षकांनी चष्मा पुन्हा घातला. मग त्यांनी पेन काढलं, समासात काहीतरी लिहिलं, शेवटच्या पानावर सही केली आणि फाइल मिटली. "बसा, डॉक्टर कांबळे," म्हणाले.

हॉल टाळ्या वाजवायला लागला. बाळ दचकून जागं झालं आणि टोपड्यातून टुकुटुकु बघायला लागलं. परीक्षक चहाला उठले होते, ते वाटेत मागच्या रांगेशी थांबले. वाकून हसले. त्यांनी बाळाच्या गालाला बोट लावलं.

"काय हो आजी, मुलगा की मुलगी?"

गौराक्काने टोपडं सारखं केलं.

"पेशी!"